नकाशामागचे हात

शाळा कितीही लहान असो, तिच्या एखाद्या भिंतीवर जगाचा नकाशा असतोच. कुठे तो कापडावर चिकटवलेला असतो, घड्यांवर विरलेला असतो, आणि मुलांची बोटे लागून लागून नेमका आपलाच प्रांत पुसट झालेला असतो. हा नकाशा आपण रोज पाहतो. पण तो काढला कोणी, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही. फार तर खालच्या कोपऱ्यातले छापखान्याचे नाव कोणी वाचले असेल. अभंग म्हटला की शेवटी तुकोबांचे किंवा जनाबाईचे नाव यायचेच. नकाशाला मात्र अशी नाममुद्रा नसते. आणि जिथे असते, तिथे ती ज्याच्या हाताने काम झाले त्याचीच असेल, असा भरवसा देता येत नाही.

नकाशांच्या इतिहासात आपण शिकतो आणि शिकवतो ती नावे आठवून पाहा. टॉलेमी, मर्केटर, १८०२ साली मद्रासेजवळ आपल्या देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणारा लॅम्बटन, त्याच्यामागून आलेला एव्हरेस्ट, गणिताच्या बळावर नाव मिळवलेला राधानाथ शिकदार. सगळे पुरुष. यावरून कोणी म्हणेल, की हे काम बायकांचे नव्हेच. तसे नाही. बायकांनी हे काम केले, शेकडो वर्षे केले. पण ते त्यांनी कुठे बसून केले आणि त्यावर नाव कोणाचे पडले, हे पाहायला हवे. आज आपण तेच पाहणार आहोत.

नकाशाचे काम दोन भागांत होते, हे आधी ध्यानात घेऊ. एक भाग मोजण्याचा, दुसरा मांडण्याचा. आपल्या गावात जमिनीची मोजणी निघते तेव्हा काय होते? मोजणीदार शिवारात उतरतो, बांधावर उभा राहतो, भोवती चार माणसे जमतात, कोणी हरकत घेतो, कोणी चहा सांगतो. त्याचा मान असतो. मग ती मापे कचेरीत जातात, आणि तिथे कोणीतरी मान खाली घालून ती कागदावर रेघांत बसवतो. त्याला गावात कोणी ओळखतही नाही. जगभर हेच झाले. जहाजावरून, घोड्यावरून, डोंगराच्या माथ्यावरून मोजणाऱ्याचे नाव झाले, मांडणारा मागे राहिला. बाईला जहाजावर मज्जाव होता, डोंगरावर मज्जाव होता. कागदापाशी मात्र तिला जागा मिळे, कारण ते काम चिकाटीचे, डोळ्यांना शिणवणारे आणि कमी मोबदल्याचे होते.

याचे एक जुने उदाहरण घ्या. १५७० साली अँटवर्प शहरात अब्राहम ऑर्टेलियस याने सगळ्या जगाचे नकाशे एका मापाचे करून एका पुस्तकात बांधले. आधुनिक नकाशासंग्रहाची सुरुवात इथून धरतात. पण हा माणूस मुळात नकाशे रंगवणारा. त्या काळी तांब्याच्या पत्र्यावरून नकाशा काळ्या शाईत छापला जाई आणि रंग हाताने भरावा लागे, एकेका प्रतीला वेगळा. वडिलांच्या मागे घर चालवण्यासाठी त्याने हा धंदा धरला आणि त्याच्या बहिणी त्याच्याबरोबर नकाशे रंगवण्याचे, कापडावर चढवण्याचे काम करीत. कोणते राज्य कुठे संपते आणि कुठले सुरू होते, हे वाचणाऱ्याला एका नजरेत कळते ते रंगामुळे. म्हणजे सीमा आखली कोणी का असेना, ती डोळ्यांना दिसली ती या हातांमुळे. पुढे अठराव्या शतकात लंडनचा मोठा नकाशा तयार करणारा जॉन रॉक १७६२ साली वारला, तेव्हा त्याची पत्नी मेरी अ‍ॅन हिने नकाशांचा धंदा पुढे चालवला. युरोपातल्या छापखान्यांतून अशा विधवा बऱ्याच होत्या. नवरा असेपर्यंत त्या 'घरच्या' होत्या. तो गेल्यावर कळले, की धंदा त्यांनाही येत होता.

आता या मेजापाशी बसलेल्या एका बाईची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. तिने जे पाहिले, त्याने पृथ्वीविषयीची आपली समजूतच बदलून गेली.

तिचे नाव मेरी थार्प. जन्म अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, ३० जुलै १९२० रोजी. वडील सरकारी नोकरीत जमिनीचा पोत पाहून मातीचे नकाशे तयार करीत. काम फिरतीचे, त्यामुळे बिऱ्हाड सारखे हलायचे आणि मुलीची शाळा सारखी बदलायची. नकाशा म्हणजे काय, हे तिला वडिलांच्या मागे शेताशेतांतून हिंडताना कळले. पण हे काम आपल्याला करता येईल असे तिला तेव्हा वाटले नाही, कारण ते करणारी बाई तिने कधी पाहिलीच नव्हती. ती इंग्रजी आणि संगीत शिकली. मग दुसरे महायुद्ध आले, तरुण मुलगे लढाईवर गेले, भूगर्भशास्त्राचे वर्ग ओस पडले, आणि रिकाम्या बाकांवर मुलींना बसू देण्याची बुद्धी विद्यापीठाला झाली. त्या फटीतून ती आत शिरली. पुढे तिने गणिताचीही पदवी घेतली.

इतकी शिकलेली ही बाई १९४८ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नोकरी मागायला गेली. तिला विचारण्यात आले, की आराखडे काढता येतात का? येतात, म्हणाली. झाले! इतरांच्या संशोधनाची आकडेमोड करणे आणि आकृत्या काढणे, हे काम तिच्या वाट्याला आले. तिथे ब्रूस हीझेन नावाचा एक तरुण संशोधक होता. तो जहाजावरून अटलांटिक महासागराच्या खोलीची मापे आणी. थार्पला जहाजावर जायला परवानगी नव्हती. बाई जहाजावर आली की अपशकुन होतो, ही खलाशांची समजूत शास्त्रज्ञांनीही मोडली नव्हती. तेव्हा तो समुद्रावर, ही मेजापाशी, अशी वाटणी झाली.

समुद्राची खोली कशी मोजतात, तेही थोडक्यात पाहू. डोंगराच्या कड्यासमोर उभे राहून हाक मारली तर थोड्या वेळाने ती परत येते. कडा जितका दूर, तितका वेळ अधिक. जहाजावरून तसाच एक आवाज पाण्यात सोडतात. तो तळाला आपटून परत येतो. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो. समजा, तो ४ सेकंदांनी परत आला. म्हणजे गेला २ सेकंद आणि आला २ सेकंद. तेव्हा तळ ३,००० मीटरांवर. जहाज चालत असताना हे माप सारखे घेत राहिले, की जहाजाच्या वाटेखालचा चढउतार कागदावर उतरतो. पण ध्यानात ठेवा, तो चढउतार फक्त त्या एका वाटेखालचा. दोन वाटांच्या मध्ये शेकडो मैलांचे पाणी, आणि त्याखाली काय आहे हे कोणालाच माहीत नाही. चार पाऊलवाटा दाखवून कोणाला सबंध सह्याद्रीचा नकाशा काढायला सांगावा, तसे ते होते.

१९५२ साली थार्पने उत्तर अटलांटिक ओलांडणाऱ्या सहा वाटांची मापे घेतली, एकाखाली एक मांडली, आणि ती पाहत बसली. महासागराच्या मधोमध पाण्याखाली डोंगरांची एक रांग आहे, हे आधीच ठाऊक होते. पण तिच्या लक्षात आले, की डोंगर एका वाटेवर उंच, दुसऱ्यावर ठेंगणा असा काही जुळत नसला, तरी रांगेच्या ऐन माथ्यावर प्रत्येक वाटेवर एक खाच आहे. कुऱ्हाडीचा घाव पडावा तशी. सहाही वाटांवरच्या खाचा जोडल्या तर एक लांबलचक दरी तयार होत होती. पूर्व आफ्रिकेत जमीन फाटून झालेली खचदरी आहे, तशी ही समुद्राच्या पोटात. आणि तिथे जमीन फाटत असेल, तर दोन्हीकडचे तळ एकमेकांपासून दूर सरकत असले पाहिजेत. दुसऱ्या शब्दांत, खंड हलतात!

खंड हलतात, हे म्हणणे आल्फ्रेड वेगेनर याने १९१२ सालीच मांडले होते आणि अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी ते जवळजवळ हसण्यावारी नेले होते. तसे बोलणाऱ्याची नोकरी धोक्यात यावी, असे ते दिवस. थार्पने हीझेनला दरी दाखवली तेव्हा तो वैतागला. ही बायकी बडबड आहे, असे म्हणून त्याने तिला सगळे पुन्हा करायला लावले. तिने वाद घातला नाही. पुन्हा मापे घेतली, पुन्हा मांडली. दरी होती तिथेच होती.

याच सुमारास शेजारच्या मेजावर हॉवर्ड फॉस्टर नावाचा एक चित्रकार वेगळ्याच कामात गुंतला होता. त्याला ऐकू येत नसे. समुद्रातल्या भूकंपांची केंद्रे कुठे कुठे आहेत, त्यांचे ठिपके तो नकाशावर भरत होता. समुद्राखालून तारा कुठून न्याव्यात, यासाठी ते हवे होते. दोघांचे नकाशे एकाच प्रमाणावर होते. ते काचेखाली दिवा लावून एकावर एक ठेवले, आणि ठिपक्यांची रांग नेमकी थार्पच्या दरीतून चालू लागली. मग हीझेनलाही मानावे लागले. जिथे सहा वाटांची मापेसुद्धा नव्हती, तिथे आता भूकंपाचे ठिपके पाहून दरीचा माग काढता येऊ लागला. ती रांग पुढे हिंदी महासागरात, प्रशांत महासागरात, चेंडूच्या शिवणीसारखी सबंध पृथ्वीभोवती गेलेली निघाली. तिची एकूण लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर भरते. जगातली सर्वांत लांब पर्वतरांग, आणि जवळजवळ सगळी पाण्याखाली!

हा शोध १९५६ साली जगापुढे आला तो संस्थेचे प्रमुख मॉरिस युइंग आणि हीझेन यांच्या नावाने. थार्पचे नाव त्यात नव्हते. पुष्कळांचा विश्वास बसला नाही. फ्रान्सचा प्रसिद्ध समुद्रसंशोधक झाक कूस्तो याने तर हे खोटे ठरवायचे म्हणून आपल्या जहाजामागे पाण्यात खोल कॅमेरा सोडला, तो अटलांटिकच्या त्या माथ्यावरून ओढत नेला. आणि काय, दरी दिसली! १९५९ साली न्यूयॉर्कच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याने स्वतःच तो चित्रपट दाखवला. खोडायला गेलेला माणूसच साक्षीदार होऊन परत आला.

इथे नकाशाच्या रीतीविषयी एक गोष्ट शिक्षकांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. तो काळ अमेरिका-रशिया यांच्यातल्या शीतयुद्धाचा. पाणबुड्यांच्या धास्तीने अमेरिकी नौदलाने खोलीची नेमकी मापे गुप्त ठेवली होती, म्हणून समोच्चरेषांचा नकाशा छापता येईना. तेव्हा थार्प आणि हीझेन यांनी दुसरी वाट धरली. पाणी आटले असते आणि आपण उंचावरून तिरपे पाहिले असते, तर तळ कसा दिसला असता, तसा तो रेखाटायचा. यात नेमके आकडे उघड होत नाहीत, पण डोंगर डोंगरासारखा दिसतो आणि दरी दरीसारखी. समोच्चरेषा वाचायला शिकावे लागते. हे चित्र शाळेतल्या मुलालाही कळते. उत्तर अटलांटिकचा असा नकाशा १९५७ साली निघाला. ज्या भागाची मापे नव्हती, त्या कोऱ्या जागेत जुन्या नकाशांसारख्या जलपऱ्या आणि बुडालेली जहाजे काढावीत, असे थार्पच्या मनात होते. हीझेनने ते होऊ दिले नाही.

पुढे हिंदी महासागराचा नकाशा १९६७ साली आणि सगळ्या महासागरांचा एकत्र नकाशा १९७७ साली निघाला. हे दोन्ही ऑस्ट्रियाचा चित्रकार हाइनरिख बेरान याने रंगवले. १९७७ च्याच जूनमध्ये आइसलंडजवळ एका पाणबुडीत हीझेनला मृत्यू आला. थार्प त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगली. १९९७ साली अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने विसाव्या शतकातल्या चार थोर नकाशाकारांत तिची गणना केली. तेव्हा ती सत्त्याहत्तर वर्षांची होती. २३ ऑगस्ट २००६ रोजी ती वारली.

ही गोष्ट सांगताना दोन बाजू सांभाळल्या पाहिजेत. खंड सरकतात हे एकट्या थार्पने सिद्ध केले, असे म्हणणे बरोबर नाही. १९६३ साली फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी समुद्रतळाच्या खडकांतल्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला, आणखीही कित्येकांचे काम त्यात मिळाले, तेव्हा भूपट्टांचा सिद्धान्त उभा राहिला. तसेच हीझेनला खलपुरुष करून मोकळे होण्याचेही कारण नाही. प्रथम हसला तोच पुढे वीस वर्षांहून अधिक काळ तिच्या बरोबरीने राबला आणि मोठ्या नकाशांवर दोघांची नावे शेजारी-शेजारी आली. दोष एका माणसाचा असता तर सोपे होते. दोष त्या रीतीचा, जिच्यात मोजणारा तो शास्त्रज्ञ आणि मांडणारी ती मदतनीस, असे आधीच ठरलेले असते. आणि गंमत अशी, की दरी दिसायला मेजापाशी बसणेच जरूर होते. जहाजावरच्या माणसाला एका वेळी एकच वाट दिसते. सहा वाटा एकत्र दिसल्या त्या मेजावरच्या बाईला.

हिंदी महासागराचे नाव निघाले आहे, तर आपल्या किनाऱ्याकडेही पाहू. १९६५ पर्यंत चाललेल्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत अनेक देशांची जहाजे या समुद्रात मापे घेत होती. त्या मोहिमेच्या पाठोपाठ १९६६ साली आपली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली. तिचे ठाणे गोव्यात दोना पावल येथे आहे. याच संस्थेतल्या, नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत १९८३ साली भारताच्या तिसऱ्या मोहिमेतून जहाजाने अंटार्क्टिकाला गेल्या. त्यांच्याबरोबर भूगर्भशास्त्रज्ञ डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमेत गेलेल्या या पहिल्या दोन स्त्रिया. थार्पला जहाजाची शिडी चढू देत नव्हते, त्याला तेव्हा पुरती चाळीस वर्षेही झालेली नव्हती.

मेजावरून पाहणाऱ्या आणखी दोघींची नावे घेतली पाहिजेत, कारण त्यांच्या कामाचा उपयोग तुम्ही आज सकाळीच कदाचित केला असेल. व्हर्जिनिया नॉरवुड ही १९२७ साली जन्मलेली अमेरिकन अभियंता. १९७२ च्या जुलैत 'लँडसॅट' मालिकेतला पहिला उपग्रह सुटला. त्यावर मुख्य साधन म्हणून कॅमेरे होते, आणि नॉरवुडने आखलेले यंत्र जोडीला दुय्यम म्हणून बसवले होते. हिरवे पीक, कोरडी माती आणि पाणी यांवरून प्रकाश वेगवेगळा परततो; तो चार पट्ट्यांत विभागून हे यंत्र आकड्यांत नोंदवी. थोड्याच दिवसांत मुख्य कॅमेरे बिघडून बंद करावे लागले, आणि दुय्यम यंत्राची चित्रे सर्वांच्या कौतुकाचा विषय झाली. पीक किती, जंगल किती, दुष्काळ कुठे, हे आकाशातून पाहण्याची जी रीत आज जगभर आहे, तिची मुळे इथे आहेत.

दुसरी ग्लॅडिस वेस्ट. १९३० साली व्हर्जिनिया राज्यात शेतकरी कृष्णवर्णी कुटुंबात जन्मली, गणित शिकली आणि १९५६ साली अमेरिकी नौदलाच्या केंद्रात लागली. पृथ्वी पुरती गोल नाही; समुद्राची पातळीसुद्धा गुरुत्वाकर्षणाच्या कमीअधिक ओढीने कुठे उचललेली, कुठे दबलेली असते. उपग्रहांच्या मापांवरून पृथ्वीचा हा खरा आकार गणिताने बसवण्याचे काम तिने वर्षानुवर्षे केले. आपल्या खिशातला फोन आपण कुठे उभे आहोत हे सांगतो, त्यामागे असल्या गणिताचा पाया आहे. तिचे नाव लोकांना कळले ते ती निवृत्त झाल्यावर.

इथवर आपण मांडणाऱ्या बायका पाहिल्या. आता दुसरी जात पाहू, जाणणाऱ्यांची. त्यांच्याजवळ साखळी नसते, दुर्बीण नसते. पण ती जागा त्यांच्या पायांखालची असते.

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचे मोठे बेट आहे. तिथे बिओथुक नावाचे मूळ रहिवासी राहत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी किनारा व्यापला, मासळी गेली, उपासमार आली, क्षयरोग आला, बंदुका आल्या. समाज संपत आला. १८२३ साली शानॉडिथिट नावाची एक तरुणी आपल्या आई-बहिणीसह गोऱ्यांच्या हाती सापडली. आई आणि बहीण लवकरच वारल्या. ही पाच वर्षे एका घरात मोलकरीण होऊन राहिली. १८२८ साली विल्यम कॉर्मॅक नावाच्या एका अभ्यासकाने तिला आपल्याकडे आणले आणि कागद-पेन्सिली दिल्या. तिने नकाशे काढले. आपल्या लोकांचे तळे, त्यात येणारी नदी, झोपड्या कुठे होत्या, शिपाई कोणत्या वाटेने आले, तिची मावशी कुठे पकडली गेली, उरलेली माणसे कुठून कुठे गेली. आपली माणसे तिने लाल रंगाने दाखवली, गोरे काळ्या रंगाने. १८२९ च्या जूनमध्ये ती क्षयाने वारली. तिच्या लोकांच्या शेवटच्या दिवसांविषयी त्यांच्या बाजूने बोलणारा तेवढाच कागद आज शिल्लक आहे. सरकारी नकाशात ते तळे तळेच असते. तिच्या नकाशात तिथे काय घडले ते असते.

नकाशावर नसणे म्हणजे काय, हे समजायला न्यूफाउंडलंडला जायला नको. मुंबईत भायखळ्याच्या आसपास पदपथांवर झोपड्या बांधून राहणारी हजारो कुटुंबे होती. १९८५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्यांना नोटीस देऊन हलवता येईल, असा निकाल दिला. पण ही माणसे कोण, किती, कुठून आलेली, काय काम करणारी, याची नोंद कुठेच नव्हती. त्याच वर्षी 'स्पार्क' या संस्थेने तिथल्या बायकांना बरोबर घेऊन त्यांची मोजदाद केली. तिच्या अहवालाचे नावच होते, 'आम्ही, न दिसणारे'. पुढच्या वर्षी या बायकांनी 'महिला मिलन' उभे केले. घरांना क्रमांक घालणे, कुटुंबांची नोंद करणे, वस्तीचा नकाशा तयार करणे, हे त्या शिकल्या आणि दुसऱ्या वस्त्यांतल्या बायकांना शिकवू लागल्या. ज्याची नोंद नाही, त्याला उठवताना कोणाला जाब द्यावा लागत नाही. वस्ती कागदावर आली, की उठवायला येणाऱ्याला निदान विचारता येते, की या अमुक क्रमांकाच्या घराचे काय करणार?

खेड्यातही असेच आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपासून आपल्या देशात गावविकासाच्या कामात एक रीत आली. गावकऱ्यांनाच मोकळ्या जागेत बसवायचे आणि रांगोळी, खडे, पाने, बिया घेऊन जमिनीवर गावाचा नकाशा काढायला सांगायचे. पुरुषांचा गट वेगळा, बायकांचा वेगळा. रांगोळी हातात घ्यायला बायकांना कोणी शिकवावे लागत नाही! आणि दोन्ही नकाशे शेजारी ठेवले की फरक दिसू लागतो. पुरुषांच्या नकाशात बहुधा डांबरी रस्ता, शेतांच्या हद्दी, देऊळ, चावडी ठळक असतात. बायकांच्या नकाशात उन्हाळ्यात आटणारी विहीर आणि न आटणारा झरा वेगळे दाखवलेले असतात. सरपणाची वाट, दळणाची गिरणी, सुईणीचे घर, आणि अंधार पडल्यावर जिथून जायला नको वाटते ती जागा. दोन्ही नकाशे खरे. पण नळयोजनेची टाकी कुठे बांधायची, हा प्रश्न असेल, तर कोणता नकाशा अधिक कामाचा, हे तुम्हीच ठरवा.

आता शिक्षकांसाठी एक गोष्ट. अमेरिकेत एमा विलर्ड नावाची एक शिक्षिका होऊन गेली. तिने १८२१ साली ट्रॉय गावात मुलींसाठी उच्च शिक्षणाची शाळा काढली. त्या काळी भूगोल म्हणजे देश, राजधान्या आणि नद्या यांची घोकंपट्टी. आपल्याकडे ती अगदीच संपली आहे, असे मी म्हणणार नाही. विलर्डने क्रम उलटा केला. मुलांनी आधी आपल्या गावाचा नकाशा काढायचा, मग परगण्याचा, मग देशाचा, आणि शेवटी जगाचा. पायाखालचे कळले की दूरचे कळते, हा तिचा साधा विचार. १८२८ साली तिने देशाच्या इतिहासाचे नकाशेही काढले. एकच प्रदेश वेगवेगळ्या काळांत कसा होता, हे त्यांत ओळीने दाखवले होते.

हा पाठ आपल्या शाळेत घ्यायला पैसा लागत नाही. पाचवी-सहावीच्या मुला-मुलींना एखाद्या शनिवारी बाहेर काढा. अंतर पावलांनी मोजू द्या. शंभर पावलांना एक बोट, असे प्रमाण धरा. सूर्यावरून दिशा ठरवा. खुणांची सूची मुलांनाच करू द्या. मुलींचा एक नकाशा आणि मुलांचा एक, असे दोन होऊ द्या, आणि मग दोन्ही भिंतीवर लावून विचारा, की यात आहे ते त्यात का नाही? तलाठ्याकडचा गावनकाशाही शेजारी ठेवा. त्यात गटांच्या हद्दी असतील, गाडीवाट असेल. पण पाणी भरायला जाण्याची पायवाट असेलच असे नाही. मुलांना भूगोल तर येईलच, शिवाय एक गोष्ट त्यांच्या ध्यानात राहील, की कागदावर जे नाही ते जगात नसतेच असे नव्हे.

समुद्राचा तळसुद्धा आजवर आधुनिक साधनांनी मोजून झाला आहे तो सुमारे पाव हिस्साच. काम पुष्कळ उरले आहे, समुद्रात आणि गावातही. ते करायला आज मुलीला जहाजावर कोणी अडवत नाही, मेजापाशी कोणी डांबत नाही. निदान कायद्याने तरी नाही. घरची आणि गावची रीत मात्र कायद्याच्या मागून चालते, आणि तिला हाताला धरून पुढे आणण्याचे काम शाळेचे आहे.

एवढे करा, की तो गावचा नकाशा पुरा झाला म्हणजे खालच्या कोपऱ्यात तारीख घाला. आणि तारखेखाली, ज्यांनी मोजले त्यांची आणि ज्यांनी मांडले त्यांची, सगळ्यांची नावे त्यांच्याच हाताने लिहून घ्या.